कूलचीं सात रानें : एका आयरिश जमीनदारींतील लोककथा व स्थलनामें

१

लेडी ऑगस्टा ग्रेगरी यांचा ‘व्हिजन्स अँड बिलीफ्स इन द वेस्ट ऑफ आयर्लंड’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. कवि येट्स यांचे दोन निबंध व टिपा त्यास जोडलेल्या असल्यामुळें ग्रंथाची चर्चा बहुधा वाङ्मयाच्या दृष्टीनेंच होत आली. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार निराळ्या दृष्टीनें करावयाचा आहे. एका जमीनदारीच्या, तिच्या शेतांच्या, रानांच्या व पाणवठ्यांच्या इतिहासाचें साधन म्हणून या ग्रंथाची किंमत काय, आणि साधन म्हणून तो वापरतांना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, एवढाच येथें प्रश्न आहे. दप्तरें, सनदा व महजर धुंडाळणाऱ्या आपल्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्यांतून निघणारे प्रश्न आपल्या घरचेच आहेत.

ज्या जमीनदारीभोंवतीं हा ग्रंथ रचला गेला ती गॉलवे परगण्यांत गॉर्ट गांवाजवळची कूल ही होय. तिचा उगम हिंदुस्थानाशीं निगडित आहे. रॉबर्ट ग्रेगरी नांवाचा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत द्रव्य मिळवून परतला व त्यानें १७६८ सालीं ही जमीन विकत घेऊन तेथें घर बांधलें. पुढें तो कंपनीच्या संचालकमंडळाचा अध्यक्षही झाला. त्याच कुळांतील सर विल्यम ग्रेगरी हे १८७२ ते १८७७ पर्यंत सिलोनचे गव्हर्नर होते. ऑगस्टा पर्स यांचा त्यांच्याशीं १८८० सालीं विवाह झाला. १८९२ सालीं त्यांस वैधव्य आलें. १८९७ च्या उन्हाळ्यापासून येट्स यांच्यासह त्या आसपासच्या झोंपड्यांतून हिंडूं लागल्या व म्हाताऱ्या माणसांचे बोल वह्यांतून उतरून घेऊं लागल्या. प्रस्तुत ग्रंथ हें त्या वह्यांचें फळ होय.

१९२७ सालीं कूल सरकारास विकली गेली. बाईंनीं घर भाड्यानें राखलें व १९३२ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. १९४१ सालीं तें घर पाडण्यांत आलें. आज तेथें संरक्षित वन आहे. घराच्या जागीं जोतें तेवढें शिल्लक राहिलें, आणि कागदपत्रांचा मोठा भाग अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत गेला. वाडा पडला, दप्तर परदेशीं गेलें, कुळांच्या तोंडचे बोल व रानांचीं नांवें मात्र जागच्या जागीं राहिलीं. अशी स्थिति असतां त्या बोलांस व नांवांस दुय्यम साधन म्हणून बाजूस सारणें संशोधकास परवडणारें नाहीं.

२

प्रथम ग्रंथाचा गुण सांगितला पाहिजे. बाईंनीं गोष्टी एकत्र कालवून त्यांची एक गोड कथा बनविली नाहीं. प्रत्येक साक्षीदाराचें बोलणें निराळें ठेविलें, त्याच्याच ढंगाच्या इंग्रजींत ठेविलें, आणि एका गोष्टीचे दहा पाठ असले तर दहाही छापले. हस्तलिखितांच्या संपादनांत आपण ज्यास पाठभेद देणें म्हणतों तेंच हें काम. क्लेअर परगण्यांतील फीकल येथील बिडी अर्ली नांवाच्या वैदू बाईचें प्रकरण या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. ही बाई १८७४ सालीं वारली. म्हणजे साक्षी उतरून घेतल्या त्या वेळीं तिला पाहिलेलीं माणसें हयात होतीं. तिच्यापाशीं एक बाटली होती व तींत पाहून ती रोगाचें कारण सांगे, याविषयीं साक्षींचें ऐकमत्य आहे. बाटली तिला कोणी दिली याविषयीं मात्र साक्षी जुळत नाहींत. सामान्य संग्राहकानें हा विरोध झांकला असता. बाईंनीं तो तसाच राहूं दिला. त्यामुळें बाई व तिची बाटली हा वस्तुस्थितीचा भाग, आणि बाटलीचा उगम हा कथेचा भाग, असा विवेक आपणांस करतां येतो. साधनाची उपयुक्तता ती हीच.

आतां दोष. पहिला दोष मांडणीचा. ग्रंथ विषयवार लाविला आहे : समुद्राच्या गोष्टी, द्रष्टे व वैदू, दृष्ट लागणें, ‘नेलेलीं’ माणसें, चकवा व गुप्तधन, मृत्युसूचक रडणारी स्त्री, जुने मातीचे कोट, लोहार, आणि असेंच पुढें. वाचकास ही मांडणी सोयीची. स्थलेतिहासाच्या अभ्यासकास ती अडचणीची. एकाच कोटाविषयींच्या चार साक्षी चार प्रकरणांत विखुरतात. एखाद्या गांवच्या सर्व कैफियती फाडून ‘इनामें’, ‘देवस्थानें’, ‘तंटे’ अशा गठ्ठ्यांत बांधाव्या तसें हें झालें. दुसरा दोष असा कीं बहुतेक साक्षींस तारीख नाहीं. तिसरा दोष नांवांचा. कांहीं साक्षीदारांस बाईंनीं आपल्या मनचीं नांवें दिलीं आहेत, आणि पुष्कळांचा उल्लेख ‘एक म्हातारा’, ‘एक फिरस्ता’ असाच केला आहे. भिडेखातर हें झालें असेल व तें समजण्यासारखें आहे. परंतु ज्याचा ठावठिकाणा नाहीं त्या साक्षीचें वजन निमपट होतें.

चौथी गोष्ट दोष म्हणून नव्हे, तर मर्यादा म्हणून सांगितली पाहिजे, आणि ती सर्वांत जड आहे. विचारणारी जमीनदारीण होती. सर विल्यम यांनीं १८४७ सालीं, दुष्काळ ऐन भरांत असतां, पार्लमेंटांत गरिबांच्या मदतीच्या कायद्यास एक कलम जोडविलें. पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्या ताब्यांत असेल त्यास सरकारी मदत मिळूं नये, असें तें कलम होतें. पोटासाठीं जमीन सोडावी कीं जमिनीसाठीं उपाशी मरावें, असा पेंच त्यानें हजारों कुळांपुढें टाकला. हें कलम आजही ग्रेगरी यांच्याच नांवानें ओळखलें जातें. पन्नास वर्षांनीं त्याच पुरुषाची विधवा चुलीपाशीं येऊन बसली असतां म्हातारा मनुष्य भुतांविषयीं मोकळेपणानें बोलेल. परंतु शेजारचें घर कोणी ओसाड पाडलें याविषयीं तो कितपत बोलेल, हें वाचकानें ठरवावें. बाईंच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. परंतु साक्ष ही दोघांची असते, सांगणाराची व ऐकणाराची. ज्या ग्रंथांत ओसाड जागा बहुतेक ‘त्यांच्या’, म्हणजे अदृश्य लोकांच्या, ताब्यांत आहेत, त्या ग्रंथाच्या वाचकानें त्या जागेवर पूर्वीं कोण राहत होतें हें दुसऱ्या साधनांवरून पाहिलेंच पाहिजे.

३

आतां स्थलनामांकडे वळूं. घराभोंवतींची जमीन, जी आपल्याकडील शब्दांत ‘शेरी’ म्हणावी, म्हणजे कुळांस न देतां मालकानें स्वतःकडे राखलेली, तिच्यांत सात रानें मोजण्याचा प्रघात होता. येट्स यांच्या काव्यामुळें हीं सात नांवें जगास ठाऊक झालीं : शॅनवॉला, काइल-डॉर्था, काइल-ना-नो, पार्क-ना-ली, पार्क-ना-कॅरिग, पार्क-ना-टारव व इंची. कवीस त्यांच्या नादाशीं कर्तव्य होतें; आपणांस अर्थाशीं आहे.

‘काइल’ म्हणजे आयरिश ‘कॉइल’, रान. काइल-डॉर्था हें काळोखें रान. काइल-ना-नो हें काष्ठफळांचें, म्हणजे हेझलच्या बियांचें रान. येथवर नांव व वस्तु यांचा मेळ आहे. पुढील तिघांत मात्र तो मोडतो. पार्क-ना-ली म्हणजे वासरांचें शेत, पार्क-ना-टारव म्हणजे बैलांचें शेत, पार्क-ना-कॅरिग म्हणजे खडकांचें शेत. ‘पार्क’ या शब्दाचा आयरिश भाषेंतील अर्थ कुंपण घातलेलें शेत किंवा कुरण असा आहे. रान असा नाहीं. मग रानास शेताचें नांव कां? उत्तर उघड आहे. नांव आधींचें, झाडें मागाहूनचीं. जेथें पूर्वीं वासरें व बैल चरत होते तेथें पुढें लागवड झाली, आणि गुराख्यांनीं ठेविलेलें नांव झाडांनीं वारशानें घेतलें. या अनुमानास स्वतंत्र पुरावा आहे. आर्थर यंग हा शेतीचा जाणकार प्रवासी १७७६ सालीं कूल येथें आला होता. ग्रेगरी यांची मोठी रोपवाटिका व तींतून चाललेली लागवड यांचा त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत गौरवानें उल्लेख केला आहे. कंपनीच्या पैशानें झालेल्या लागवडीच्या खालीं जुनीं कुरणें होतीं, ही गोष्ट प्रवाशाच्या वर्णनांत नाहीं. ती नांवांत आहे.

याच शब्दांवरून कालाचे थरही लावतां येतात. जवळच्या गांवाच्या नांवांतील ‘गॉर्ट’ हा शेत या अर्थाचा अस्सल आयरिश शब्द आहे. लॅटिन ‘हॉर्टुस’ हा त्याचा सगोत्र. ‘पार्क’ हा मात्र नॉर्मन-इंग्रजांकडून आयरिशांत आला. म्हणून ‘पार्क’ असलेलें नांव ११६९ च्या नॉर्मन स्वारीपूर्वींचें असूं शकत नाहीं. मराठी ग्रामनामांत ‘आबाद’ किंवा ‘पेठ’ आल्यास आपण जसें अनुमान करतों तसेंच हें आहे.

शॅनवॉला या नांवाचे दोन पाठ संभवतात. एक ‘जुनी भिंत’, दुसरा ‘जुनी वाट’. इंग्रजी लेखनांत दोहोंचें रूप एकच होतें. पहिला पाठ खरा मानला तर रानांत जुन्या बांधकामाचा शोध घ्यावा लागेल. दुसरा मानला तर जुन्या रस्त्याचा. दोन्हीं पक्ष जमिनीवर तपासण्यासारखे आहेत, आणि तपासल्यावांचून एकाचा स्वीकार करणें योग्य नव्हे. या रानाच्या नांवावर बाईंनीं १९१५ सालीं भुताच्या कथेचें एक नाटकही रंगभूमीवर आणलें. अशा ठिकाणीं नाटकाचा रंग नांवाच्या अर्थावर चढूं न देणें हें परीक्षकाचें काम आहे.

४

प्रत्यक्ष ‘कूल’ या नांवाविषयीं दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. कारण संस्कृत जाणणारास येथें मोठा मोह आहे. संस्कृतांत ‘कूल’ म्हणजे तीर, कांठ. आयर्लंडांतील कूल सरोवराच्या कांठीं आहे. दोन्ही भाषा एकाच मूळ कुळांतील. मग व्युत्पत्ति सिद्ध झाली असें कोणी म्हणेल. परंतु सिद्ध कांहींच झालें नाहीं. आयरिश भाषेंत ‘कूल’ म्हणजे पाठ किंवा मागील बाजू, व त्याच्याशीं अत्यंत सदृश असा दुसरा शब्द आहे त्याचा अर्थ कोन, कोपरा. हे दोन्ही शब्द आयर्लंडच्या नांवांत शेंकडों ठिकाणीं येतात, आणि पुष्कळ वेळां जवळपास पाण्याचा थेंबही नसतो. पी. डब्ल्यू. जॉइस यांनीं १८६९ पासून काढलेल्या आयरिश स्थलनामांवरील ग्रंथांत हे दोन शब्द इंग्रजी लेखनांत कसे एकमेकांत मिसळले हें दाखविलें आहे. निवाडा होतो तो गांवच्या उच्चारावरून. शेवटचा लकार कठोर कीं मृदु यावरून. ध्वनिसादृश्य हा पुरावा नव्हे. सगोत्रता ठरते ती नियमबद्ध ध्वनिविकारानें : आयरिश ‘बो’ व संस्कृत ‘गो’ हीं दिसण्यांत निराळीं, तरी सगोत्र आहेत, ‘कूल’ व ‘कूल’ हीं दिसण्यांत एक असूनही एकमेकांचीं कोणी नव्हेत. आपल्याकडे प्रत्येक ग्रामनामाचें संस्कृत मूळ कल्पून देण्याची जी हौस आहे तिला हें उदाहरण औषधासारखें आहे.

इंग्रजी लेखनानें दुसराही घोंटाळा केला. ‘किल’ हें रूप ‘चर्च’ या अर्थाच्या व ‘रान’ या अर्थाच्या अशा दोन निराळ्या आयरिश शब्दांसाठीं वापरलें गेलें. गॉर्टजवळचें किलमॅकडुआ हें सातव्या शतकांतील संत कोलमन मॅकडुआ याचें क्षेत्र असल्यामुळें तेथें संशय नाहीं. इतरत्र नुसत्या इंग्रजी अक्षरांवरून देऊळ कीं झाडी हें सांगतां येत नाहीं. तसेंच ‘टरलॉ’. चुनखडीच्या प्रदेशांत हिंवाळ्यांत भरणाऱ्या व उन्हाळ्यांत जमिनीखालीं नाहींशा होणाऱ्या तळ्यास हें नांव आहे. कूलचें पाणी याच जातीचें. इंग्रजी लेखनांत शब्दाच्या शेवटीं ‘लॉ’, म्हणजे सरोवर, दिसूं लागलें व ‘कोरडें सरोवर’ असा अर्थ रूढ झाला. मूळ शब्द ‘तुर’ म्हणजे कोरडें व ‘लाख’ हा स्थलवाचक प्रत्यय मिळून झाला आहे; सरोवराचा त्यांत संबंध नाहीं.

हीं इंग्रजी रूपें कायम झालीं तीं १८२४ सालीं सुरू झालेल्या सरकारी मोजणीनें. ही मोजणी मैलास सहा इंच या मानानें १८४६ पर्यंत पुरी झाली. तिचा आपल्या देशाशींही संबंध आहे : फॉइल सरोवराकांठीं १८२७–२८ सालीं पायारेषा मोजण्यासाठीं कर्नल कोल्बी यांनीं ज्या समायोजक पट्ट्या तयार केल्या, त्याच जातीच्या पट्ट्या एव्हरेस्ट यांनीं १८३१–३२ सालीं कलकत्त्याच्या पायारेषेस लाविल्या. मोजणीच्या नांवांचें काम जॉन ओडोनोव्हन या थोर पंडिताकडे होतें. तो गांवोगांव जाऊन वृद्धांच्या तोंडून उच्चार ऐके, जुन्या हस्तलिखितांशीं ताडून पाही, आणि मग नकाशासाठीं इंग्रजी रूप सुचवी. नकाशावर तें रूप तेवढें उरलें. परंतु त्याच्या टिपणवह्या व पत्रें जपलीं गेलीं म्हणून आज मूळ उच्चारापर्यंत जातां येतें. नकाशाहून वही मोलाची, हें या प्रकरणाचें सार.

नकाशानें काय जातें याचें एक ठळक उदाहरण गॉर्ट हेंच आहे. आयरिशांत या गांवाचें पूर्ण नांव ‘गुआरेच्या बेटाचें शेत’ असें आहे. गुआरे हा सातव्या शतकांतील कॉनॉटचा दानशूर म्हणून प्रसिद्ध राजा. तो ६६३ सालीं वारला. इंग्रजी रूपांत ‘गॉर्ट’, म्हणजे ‘शेत’, एवढेंच राहिलें. राजा गेला व शेत उरलें.

५

गुआरेच्याच मुलखांत एक कथा आहे ती स्थलकथेच्या परीक्षणास नमुना म्हणून घेण्याजोगी आहे. संत बरेनच्या खडकाळ प्रदेशांत उपवास करीत होता. ईस्टरच्या दिवशीं राजाच्या पंक्तींतील ताटें आपोआप उडून संताकडे चाललीं. राजा व त्याचे स्वार त्यांचा पाठलाग करीत गेले, आणि खडकावर त्यांच्या घोड्यांचे खूर चिकटले. त्या वाटेस ‘बोहर ना मीस’, ताटांची वाट, म्हणतात व खडकावरच्या खळग्या खुरांच्या खुणा म्हणून दाखवितात. स्थानिक परंपरेंत संत कोलमन मॅकडुआ आहे. सतराव्या शतकांतील इतिहासकार कीटिंग याच्या ग्रंथांत मात्र तो राजाचा भाऊ मोखुआ आहे.

येथें तीन गोष्टी निरनिराळ्या केल्या पाहिजेत. खळग्या खऱ्या आहेत. चुनखडीवर पावसाच्या पाण्यानें त्या होतात. वाट खरी आहे. राजा व संत हे इतिहासांतील आहेत. कथेनें या तिहींस एका सूत्रांत ओंवलें, आणि सूत्र ओंवतांना संताचें नांव बदललें तरी वाटेचें नांव बदललें नाहीं. मनुष्य पाठभेदानें बदलतो, स्थळ टिकतें, हा नियम आपल्या क्षेत्रमाहात्म्यांसही लागू आहे. आयरिश लोकांपाशीं मध्ययुगापासून ‘डिन्हेनहस’ या नांवाचें स्थलकथांचें स्वतंत्र वाङ्मय असून तें बाराव्या शतकाच्या लेन्स्टरच्या पोथींत आढळतें. नांवावरून कथा रचण्याची त्याची रीत पाहिली म्हणजे आपल्याकडील माहात्म्यकारांचीच आठवण होते. त्याच्या गद्य पाठाचे एक संपादक व्हिटली स्टोक्स हे १८७७ ते १८८२ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते, हेंही नमूद करण्यासारखें आहे.

६

शेवटीं तुलना. मुंबई इलाख्यांत ए. एम. टी. जॅक्सन यांनीं प्रश्नावली काढून शाळामास्तरांकडून लोकसमजुती मागविल्या. १९०९ सालीं नाशिक येथें त्यांचा वध झाल्यानंतर एन्थोव्हेन यांनीं त्या गुजराथ व कोंकण अशा दोन भागांत १९१४–१५ सालीं ‘फोक्लोर नोट्स’ या नांवानें छापिल्या. त्यांत माहिती कोणत्या गांवच्या मास्तरानें पाठविली हें तळटीपेंत दिलें आहे; परंतु ती कोणत्या म्हातारीनें सांगितली व कोणत्या शब्दांत, हें कोठेंच नाहीं. मराठी बोल इंग्रजी सारांशांत विरून गेला. बाईंच्या ग्रंथांत याच्या उलट स्थिति : बोल जिवंत, गांव अस्पष्ट. एकीकडे पत्ता आहे पण आवाज नाहीं. दुसरीकडे आवाज आहे पण पत्ता नाहीं.

दोन्हीं उणीवा भरून काढणारें काम आयर्लंडांतच पुढें झालें. १९३५ सालीं स्थापन झालेल्या लोकविद्या आयोगानें १९३७ ते १९३९ या काळांत पांच हजारांवर प्राथमिक शाळांतील अकरा ते चौदा वर्षांच्या सुमारें पन्नास हजार मुलांकडून घरच्या वृद्धांच्या तोंडचें उतरून घेतलें. सुमारें सात लक्ष चाळीस हजार पृष्ठांचा हा संग्रह आहे, व त्यांत मुलाचें नांव, शाळा, आणि पुष्कळदां सांगणाराचें नांव व वयही आहे. येथें विचारणारा जमीनदार नाहीं, सरकारी अधिकारीही नाहीं. घरचेंच नातवंड आहे. हा संग्रह व आयरिश स्थलनामांचा संग्रह हे दोन्ही आज संगणकीय जाळ्यावर सर्वांस खुले आहेत. कूलच्या भोंवतालच्या शाळांच्या वह्या बाईंच्या ग्रंथाशीं एकेका मौजाप्रमाणें ताडून पाहिल्या, तरच जमीनदारिणीपुढें काय बोललें गेलें व नातवापुढें काय, याचा निवाडा होईल. ग्रंथाचें खरें परीक्षण तें; प्रस्तुत लेख ही केवळ त्याची दिशा आहे.

आपल्याकडे कागद जमविणारे पुष्कळ आहेत व त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु वाड्यांतून दप्तर उचलतांना वाड्यामागच्या शेतांचीं नांवें विचारून घेणारे थोडे. जुन्या थळझाड्यांत शेतांचीं जीं नांवें येतात तीं कोठें लागू पडतात हें सांगणारे म्हातारे प्रत्येक गांवांत कमी होत आहेत. मोजणीच्या उताऱ्यावर गट क्रमांक आहे, नांव नाहीं. दप्तर उशिरा मिळालें तरी वाचतां येतें; बोलणारा गेला म्हणजे नांव त्याच्याबरोबर जातें. म्हणून ज्यांच्या संग्रहीं एखाद्या गांवचा थळझाडा असेल त्यांनीं त्याची नक्कल घेऊन एकदां त्या गांवीं जावें, नांव जसें उच्चारलें जाईल तसें लिहावें, सांगणाराचें नांव, वय व तारीख त्याखालीं घालावी, आणि अर्थ सुचला तरी तो निराळ्या रकान्यांत ठेवावा. ग्रेगरीबाईंच्या ग्रंथापासून घेण्यासारखें तें घेऊन व टाळण्यासारखें तें टाळून एवढें झालें, तर पुढील पिढीस आपल्या गांवांचा इतिहास नुसत्या कागदावरून लिहावा लागणार नाहीं.